गट सर्वसाधारण झाला म्हणून बाईचं राजकारण संपतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की २०१७ ला सर्वसाधारण महिला राखीव गटातून झेडपीवर निवडून आलात, २०२२ ला मुदत संपली, मग प्रशासक बसला आणि आता सोडतीत तुमचा गट सर्वसाधारण झाला. घरचे म्हणतात पाच वर्षं झाली ना, पुरे आता. तालुकाध्यक्ष म्हणतात गट तर गेला, यावेळी मिस्टरांचं नाव पुढे करू. आणि तुम्ही विचारताय की बाईला राज्याच्या राजकारणात खरंच करिअर असतं का, की आरक्षण आहे तोवरच सगळं. मी दोन टर्म झेडपीत होते, त्यात एकदा महिला-बालकल्याण सभापती, आणि गेली बरीच वर्षं निवडून आलेल्या बायकांचे प्रशिक्षण वर्ग घेते, त्यामुळे हा प्रश्न दर सोडतीनंतर कुणी ना कुणी मला विचारतंच. जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

सगळ्यात आधी, तुमचा गट कुठेही गेलेला नाही. सर्वसाधारण जागेवर कुणीही उभं राहू शकतं, त्यात तुम्ही पण आलात, कायद्यात कुठेही बाईने फक्त राखीव जागेवरूनच लढायचं असं नाही. पण होतं काय की कलेक्टर ऑफिसात सोडत निघते, शाळेतलं एखादं छोटं पोर बरणीतून चिठ्ठी काढतं, चिठ्ठीवर "महिला" नसलं की हॉलमधल्या निम्म्या बायका तिथेच उठून पर्स उचलतात आणि त्यांच्यामागे बसलेले पुरुष फोन लावायला लागतात. त्या पाच मिनिटांत ठरून जातं सगळं. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, सोडतीच्या दिवशी हॉलमधून शेवटी बाहेर पडा आणि बाहेर पडताना पत्रकार भेटले तर सांगा की मी इच्छुक आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ येते तेवढीच पण तालुकाध्यक्षाला मग परस्पर मिस्टरांचं नाव देता येत नाही, निदान विचारावं तरी लागतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. करिअर असतं का? असतं. पण आकडे आधी बघू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना आल्या, २०११ ला महाराष्ट्राने ते निम्म्यावर नेलं. म्हणजे झेडपीच्या सभागृहात अर्ध्या खुर्च्या आपल्या. आणि विधानसभेत? २०१९ ला २८८ पैकी २४ बायका, २०२४ ला २१. १९६० पासून मुख्यमंत्रिपद एकाही बाईकडे आलेलं नाही. खाली हजारो बायका तयार होतात आणि वर जाता जाता कुठे नाहीशा होतात? माझं उत्तर असं की त्यातल्या बऱ्याच जणींना पाच वर्षांत निधीचा कागद कुणी दाखवलाच नाही आणि त्यांनीही मागितला नाही. गावाला रस्ता झाला, शाळेला खोली झाली, पण कुणी केलं विचारलं तर लोक मिस्टरांचं नाव घेतात. मग गट बदलला की त्या बाईकडे दाखवायला काही उरत नाही. ज्या टिकल्या त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या, एक तर सरकारचा पैसा कसा चालतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि एखादा विषय असा होता की तो निघाला की लोकांच्या तोंडात त्यांचंच नाव यायचं.

जुन्या तीन बायकांचं सांगते, तिघींचा मार्ग वेगळा आहे.

प्रतिभाताई पाटील म्हटलं की सगळ्यांना राष्ट्रपती भवन आठवतं, पण आपल्याला शिकायचंय ते त्याआधीच्या तेवीस वर्षांतलं. १९६२ ला जळगावातून आमदार झाल्या तेव्हा वय २७. कसलं आरक्षण नव्हतं तेव्हा. पुढच्या चार निवडणुका एदलाबादमधून जिंकल्या, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. १९६७ ला वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री झाल्या, खाती होती आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण. उपमंत्री म्हणजे फायली वाचायच्या आणि निर्णय दुसऱ्याने घ्यायचे, असं पाच वर्षं. १९७२ ला कॅबिनेट, समाजकल्याण. मग आरोग्य, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य, शिक्षण, आणि ८२ नंतर नगरविकास आणि गृहनिर्माण. ही यादी नुसती वाचून सोडू नका. बाईला समाजकल्याण देणं सोपं असतं, नगरविकास द्यायला मुख्यमंत्र्याला विचार करावा लागतो, कारण तिथे जमिनी आहेत, बिल्डर आहेत, मोठा पैसा आहे. समाजकल्याणपासून तिथपर्यंत यायला त्यांना दहा वर्षं लागली आणि मधलं एकेक खातं त्या शिकत गेल्या. शिवाय पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारच्या काळात, जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८०, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. इतकी खाती हाताळलेली बाई विरोधात बसली की मंत्र्याला उत्तर देताना जपून बोलावं लागतं, कारण तिला माहीत असतं की फाईल कुठल्या टेबलावर अडते. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, राज्यसभा, उपसभापती, प्रदेशाध्यक्ष, अमरावतीतून लोकसभा, राजस्थानचं राज्यपालपद. त्यांच्या संस्थांवरून नंतर वाद झाले ते मी झाकत नाही, पण सरकार आतून शिकायचं कसं याचा आपल्या राज्यात यापेक्षा मोठा धडा मला तरी दिसत नाही.

मृणालताई गोरे अगदी उलट्या बाजूने आल्या. मेडिकलचं शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत, १९५८ ला पती केशव गोरे गेले, १९६१ ला गोरेगावातून मुंबई महापालिकेत नगरसेविका. आणि विषय धरला तो पाण्याचा. झोपडपट्टी अनधिकृत आहे म्हणून नळ द्यायचा नाही ही पालिकेची भूमिका, आणि ताईंचं म्हणणं की माणूस राहतोय ना तिथे, मग पाणी द्या. त्यासाठी मोर्चे, घेराव, सभागृहात भांडण, वर्षानुवर्षं. "पाणीवाली बाई" हे नाव लोकांनी दिलं. १९७२ ला आमदार, त्याच वर्षी महागाईविरोधातला लाटणं मोर्चा, आणीबाणीत तुरुंग, १९७७ ला उत्तर मुंबईतून खासदार. मोरारजींनी आरोग्य खातं देऊ केलं तर नको म्हणाल्या. १९८५ ला परत विधानसभेत आल्या आणि गर्भलिंग चाचणीच्या विरोधात अशासकीय विधेयक मांडलं, त्या रेट्यातून १९८८ ला महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला, केंद्राने १९९४ ला केला. बघा म्हणजे, मंत्रिपद एकदाही नाही आणि कायद्यावर ठसा कायमचा. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची घरं उभी आहेत तीही त्यांच्याच लढ्यातून. तुम्ही विचारलंत ना की सत्तेत नसताना काय करायचं, तर हे करायचं.

तिसऱ्या शशिकलाताई काकोडकर, गोव्याच्या. आपल्याकडे त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण मराठी बोलणाऱ्या बाईने सरकार चालवल्याचं उदाहरण शोधायला लांब जायलाच नको. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची मुलगी, मगोपच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, आमदार, १९७२ ला राज्यमंत्री. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या गोवा, दमण आणि दीवच्या मुख्यमंत्री झाल्या, देशातल्या तिसऱ्या महिला मुख्यमंत्री, सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतरच्या. वय ३८. आता लोक म्हणणार बापाची खुर्ची मिळाली. मिळाली, खरंय. पण खुर्चीवर बसून केलं काय ते बघा. १९७५ ला मुंडकार कायदा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यानपिढ्या घर बांधून राहणारी माणसं, मालकाच्या मनात आलं की घराबाहेर. त्यांना काढता येणार नाही आणि घराखालची जागा विकत घेता येईल हे त्या कायद्याने आलं. पुढच्या वर्षी कूळ कायद्यात दुरुस्ती, कसेल त्याची जमीन. गोव्यातल्या बड्या भाटकारांशी वैर घेऊन केलेलं काम आहे हे. १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली लढवली, ३० पैकी १५ जागा, सरकार परत आलं.

आणि मग पडलं. १९७९ च्या एप्रिलमध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, त्यांच्याच पक्षातले आमदार फुटले आणि राष्ट्रपती राजवट आली. हा भाग मी वर्गात मुद्दाम वेळ देऊन सांगते. १५ वर सरकार म्हणजे दोन माणसं नाराज झाली की खेळ खलास, आणि अर्थसंकल्पाचं अधिवेशन ही अशी जागा आहे की तिथे हात मोजले जातात. मोठा कायदा करणाऱ्या बाईला आपल्याच बाकावरच्या दोघांच्या मनात काय चाललंय हे कळायला हवं, तेही काम आहे, दुय्यम काम नाही. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या बायका इथे कमी पडतात कारण सदस्यांच्या संध्याकाळच्या बैठका ढाब्यावर होतात आणि आपण सहाला घरी असतो. यावर उपाय सांगते पुढे. शशिकलाताई पुढे पक्ष बदलून, परत येऊन, १९९० ला शिक्षणमंत्री झाल्या आणि प्राथमिक शाळांना अनुदान हवं असेल तर माध्यम मराठी किंवा कोकणी असलं पाहिजे हे धोरण आणलं. २०११ ला तत्कालीन सरकारने ते फिरवायला घेतलं तेव्हा सत्तरी उलटलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचातून रस्त्यावर उतरल्या होत्या. २०१६ ला गेल्या. खुर्ची जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती बघा, तरी विषय निघाला की लोकांनी त्यांनाच हाक मारली.

बरं, आता तुमच्या झेडपीकडे येऊ. तुम्ही म्हणता पाच वर्षं काम केलं पण दाखवायला काही नाही. असेल हो, फक्त कागद तुमच्याकडे नाहीत. आधी एक वही करा, गावनिहाय. प्रत्येक गावात तुमच्या काळात झालेलं काम, ते कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी निधीच्या कुठल्या खात्यातून, झालं, किती रकमेचं, प्रशासकीय मान्यता कधीची. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल दुरुस्ती, ५०५४ म्हणजे नवीन रस्ता, २५१५ म्हणजे गावातल्या मूलभूत सुविधा, तो निधी मंत्रालयातून आमदारांच्या पत्रावर येतो, जनसुविधेतून स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत ऑफिस, दलित वस्ती सुधार वेगळं. हे आकडे तुम्हाला पाठ पाहिजेत. का ते सांगते. गावात भाषण करताना आमदाराचा माणूस म्हणतो हा रस्ता साहेबांनी दिला, आणि तुम्ही शांतपणे म्हणू शकता की हा ३०५४ चा आहे, झेडपीचा, बांधकाम समितीत मी मागणी केली होती, तारीख अमुक. लोक टाळ्या वाजवत नाहीत अशा वेळी, पण लक्षात ठेवतात.

एक प्रसंग सांगते, जिल्हा सांगत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी, पहिलीच टर्म, बारावी झालेली. तिच्या गटात अंगणवाडीची इमारत दोन वर्षं नुसती मंजूर. सर्वसाधारण सभेत तिने विचारलं तर अधिकारी म्हणाले काम प्रगतीपथावर आहे मॅडम. ती खाली बसली. आम्ही वर्गात तिची तयारी करून घेतली. पुढच्या सभेच्या आधी तिने लेखी पत्र दिलं, आवक नंबर घेतला, आणि तीनच गोष्टी मागितल्या, तांत्रिक मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत आणि एमबीची प्रत, म्हणजे मोजमाप पुस्तिका. सभेत परत तेच उत्तर आलं, प्रगतीपथावर. ती उठून म्हणाली, साहेब कार्यारंभ आदेशच निघालेला नाही, माझ्याकडे तुमच्याच ऑफिसचं पत्र आहे, मग प्रगती कुठल्या जागेवर चालू आहे, आणि ३१ मार्चला या निधीची दोन वर्षांची मुदत संपते, पैसे परत गेले तर जबाबदार कोण हे इतिवृत्तात लिहून घ्या. सभागृह गप्प. सीईओंनी, म्हणजे झेडपीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी, तिथल्या तिथे उपअभियंत्याला तारीख द्यायला लावली. इमारत झाली. त्यानंतर गंमत अशी झाली की बाकीच्या तालुक्यांतले पुरुष सदस्य तिला फोन करून विचारायला लागले, आमच्या कामाचा कागद कसा काढायचा. तिचं करिअर तिथून चालू झालं असं मी मानते, निवडून आली त्या दिवशी झालं नव्हतं.

"इतिवृत्तात घ्या" हे दोन शब्द कायम जवळ ठेवा. सभेत किती का ओरडा, इतिवृत्तात आलं नाही तर ते बोललंच गेलं नाही. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करतात तेव्हा नव्वद टक्के सदस्य चहा पीत असतात, त्यावेळी वाचा आणि तुमचं राहिलं असेल तर उठून उभ्या राहा. आणि "ऐनवेळचे विषय" आले की जास्तच सावध, वादाचे ठराव तिथूनच घुसवतात.

समित्यांबद्दल. बाई म्हटलं की महिला-बालकल्याण देतात, ते सभापतिपद तर बाईलाच असतं. घ्या, जरूर घ्या, मी स्वतः केलंय आणि मनापासून केलंय. झेडपीच्या स्वनिधीतला १० टक्के त्यासाठी असतो, त्यातून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलींना सायकली. पण खरं काम कुठे आहे बघा. २०१६ च्या शेवटी डीबीटी आलं, म्हणजे लाभार्थी बाईने वस्तू आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची, पावती द्यायची, मग खात्यात पैसे. दलाल कमी व्हावेत म्हणून आणलं आणि तो हेतू चांगलाच आहे. पण जिला मशीनची खरी गरज आहे तिच्याकडे आधी भरायला पैसेच नसतात, मग यादीत नाव येऊन सुद्धा तिचा लाभ जातो आणि ज्या घरात आधीच पैसा आहे तिथे दुसरं मशीन जातं. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि आजही माझा जीव जळतो. एका सभापतीने यावर बचत गटांना हाताशी धरलं, यादीतल्या बाईला गटाने उसने पैसे द्यायचे, खात्यात रक्कम आली की गटाला परत. नियमात बसतं, फक्त पाठपुरावा खूप. असं काही केलंत तर त्या चाळीस-पन्नास बायका तुम्हाला जन्मभर विसरत नाहीत.

मात्र तेवढ्यावर थांबू नका. अर्थ समिती मागा, बांधकाम मागा, जलव्यवस्थापन मागा. सदस्य म्हणून तरी घुसा. आणि जिल्हा नियोजन समितीवर जायचा प्रयत्न करा, डीपीसीवर, तिथे झेडपी सदस्यांमधून निवडून जाता येतं. पालकमंत्री अध्यक्ष, कलेक्टर सचिव, आणि जिल्ह्याचा वर्षाचा सगळा आराखडा तिथे ठरतो. आदिती तटकरे २०१७ ला रायगड झेडपीच्या अध्यक्ष झाल्या, २०१९ ला श्रीवर्धनमधून आमदार, लगेच राज्यमंत्री आणि पुढे महिला व बालविकास खात्याच्या मंत्री. घराणं पाठीशी होतं हे उघड आहे, पण अध्यक्षपदाच्या काळात झेडपीचं बजेट आणि प्रशासन आतून बघितलेलं असणं हे मंत्रालयात गेल्यावर कामाला येतंच. घराणं नसलेल्या बाईला तर ते अजूनच लागतं, तिला दुसरं भांडवल कुठलं?

ढाब्यावरच्या बैठकांचं म्हणाले होते. त्या बैठकांना जायची गरज नाही. सभेच्या दिवशी सकाळी साडेनऊला झेडपीत पोचा, सभा अकराला असते. त्या दीड तासात विषयपत्रिका हातात घेऊन बाकीच्या सदस्य बायकांबरोबर एका खोलीत बसा, पक्ष कुठलाही असो. अर्ध्या खुर्च्या आपल्या आहेत, कुठल्या ठरावावर कोण कुठे हे तिथे कळतं. एकीचा ठराव असेल तर दुसरी अनुमोदक. ही सवय लागली की मतदानाच्या वेळी तुम्हाला आकडा आधीच माहीत असतो, पुरुषांच्या बैठकीतून निरोप यायची वाट बघावी लागत नाही.

मिस्टरांचं. तुमच्या लिहिण्यावरून ते चांगले वाटतात, मदत करतात, गाडी चालवतात, सगळं. असा माणूस लागतोच, राजकारण एकट्याने होत नाही. पण तीन-चार गोष्टी फक्त तुमच्या हातात ठेवा. फोन तुमचा, तुमच्याच हातात, लोकांनी केला की तुम्हीच उचलायचा. लेटरहेड तुमच्या कपाटात, कोरी सही एकही नाही, काहीही झालं तरी नाही. बीडीओकडे, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याकडे, काम असेल तर तुम्ही जायचं, ते बाहेर थांबू देत. नातेवाइकांनी ऑफिसात बसून कारभार बघू नये असं शासनाने परिपत्रक काढून बजावलेलं आहे, पण परिपत्रकाने काही होत नाही, अधिकारीच म्हणतात दादांना पाठवा ना मॅडम, त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. तिथे तुम्ही हसून सांगायचं की सदस्य मी आहे, बसते मी इथे, बोला. पहिले दोन महिने अवघडल्यासारखं होतं सगळ्यांनाच, मग सवय होते त्यांना.

आता आमदारकी. झेडपीचा गट म्हणजे तीस-चाळीस हजार लोकसंख्या, विधानसभा म्हणजे सरासरी सव्वातीन लाखांवर मतदार. एका गटातल्या चांगल्या कामावर तिथे उडी मारता येत नाही, मधे तालुका लागतो. त्यासाठी पद असलंच पाहिजे असं नाही. बाजार समिती, जिल्हा बँक, तालुका खरेदी-विक्री संघ, दूध संघ, यातल्या एखाद्या संचालक मंडळावर जा. तिथे शेतकरी मतदार भेटतो जो झेडपीला तुम्हाला भेटला नव्हता. विधान परिषद पण डोक्यात ठेवा, ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, तिथे मतदार म्हणजे झेडपी सदस्य, नगरसेवक, तुमचे रोजचे ओळखीचे लोक. ७ जागा पदवीधरांच्या, आणि ती नोंदणी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते. हे काम पक्षात कुणालाच नको असतं, तुम्ही उचला, तालुकाभरच्या शिकलेल्या पोरापोरींचे नंबर तुमच्याकडे येतील.

खर्चाचं खरं सांगते. विधानसभेला कायदेशीर मर्यादा उमेदवाराला ४० लाख, अनामत १० हजार. एवढा पैसा कुठून आणणार हा प्रश्न मला बायका फार हळू आवाजात विचारतात. निम्म्या जणींच्या नावावर शेत नाही, घर नाही, बँकेचं खातं सुद्धा मिस्टर चालवतात. मग पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. म्हणून आत्तापासून तुमच्या नावावर काय आहे ते बघा. घरावर नाव लावून घ्या, सातबाऱ्याला हिस्सा असेल तर तो नोंदवून घ्या, स्वतःचं खातं स्वतः चालवा.

आणि हे सगळं आत्ताच का सांगतेय तर २०२३ ला संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती केली, लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना. ते जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधलेलं आहे. पण ज्या दिवशी लागू होईल त्या दिवशी आजच्या २८८ च्या हिशेबाने ९६ जागा होतात, आणि प्रत्येक पक्षाला एकदम इतक्या उमेदवार शोधाव्या लागतील. तेव्हा तयार बायका नसल्या तर त्या जागा आमदारांच्या बायका, सुना, मुली यांच्याकडे जाणार. त्यांनी लढू नये असं मी म्हणत नाही, शशिकलाताई पण कुणाच्या तरी मुलगीच होत्या. पण ज्या बाईने स्वतः दहा-पंधरा वर्षं गावं फिरून काम केलंय तिचं नाव त्या यादीत असलं पाहिजे यासाठी मी माझं उरलेलं आयुष्य घालवणार आहे.

तेव्हा तुम्ही आत्ता काय करायचं. पक्ष इच्छुकांचे अर्ज मागवतो तेव्हा स्वतःच्या नावाने अर्ज भरा, मिस्टरांचा अर्ज भरला जाणार नाही एवढं घरात आधी बोलून घ्या, कारण दोघांचे अर्ज गेले की निवड समिती सरळ त्यांचा उचलते. मुलाखतीला जाताना ती गावनिहाय वही न्या, आणि २०१७ चे बूथवार आकडे, कुठल्या बूथवर किती मतं, कुठे कमी पडलात, तिथे नंतर काय काम झालं. निवड समितीतले लोक बाईकडून हे ऐकायला तयारच नसतात, त्यांचे प्रश्न दुसरेच असतात, घरची परवानगी आहे का, मुलं किती मोठी आहेत वगैरे. त्या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर द्या आणि लगेच बूथवर या. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हातात येईपर्यंत कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी फॉर्म फिरलेले मी बघितलेत, म्हणून उमेदवारी अर्ज आणि शपथपत्र आधीच भरून तयार ठेवा, आणि मिळालाच नाही तर अपक्ष राहायचं की नाही हे त्या दिवशी रडत ठरवण्यापेक्षा आठवडाभर आधी चार जवळच्या माणसांत बसून ठरवा. तुमच्या गटात दोन नंबरच्या उमेदवारापेक्षा तुम्ही किती मतांनी पुढे होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं कळवा, त्यावरून अपक्षाचं काय ते नीट सांगता येईल.